निरोगी माणसाचं रक्त

दवाखान्यात कामाला होतो असं सांगितलं की लोक पहिलं विचारतात, किती मढी उचलली. उचलली, नाही असं नाही. पण नोकरीची माझी शेवटची काही वर्षं उलट्याच कामात गेली. मी धडधाकट माणसं गोळा करत होतो. ज्याला काही झालेलं नाही असा माणूस हेरायचा, त्याला पटवायचं, जीपमध्ये घालून आणायचं आणि त्याचं रक्त काढून घ्यायचं. आजारी माणूस दवाखान्यात आपल्या पायानं येतो. निरोगी माणूस आणावा लागतो, आणि तो वाटभर शिव्या देत येतो.

माझा हुद्दा वॉर्डबॉय. पन्नाशी उलटली, डोक्यावर काळा केस राहिला नाही, तरी बॉयच. शिक्षण सातवीपर्यंत. लिहिताना चुकलं तर मासिकवाले नीट करतील. हॉस्पिटल आमच्याच जिल्ह्यातलं, ट्रस्टचं. नाव लिहीत नाही. तिथल्या माणसांची यात चूक नाही. चूक ज्याची आहे तोच हे लिहितो आहे. माझी बायको कडूबाई हिला मी निरोगी माणसांच्या यादीत बसवलं. ती निरोगी नव्हती. आणि ते कळलं तेव्हा मी गप्प बसलो. बाकी जे सांगतो ते तिथपर्यंत पोचण्यासाठी. मधे दोन गमतीच्या गोष्टी आहेत, त्यांना हसायला हरकत नाही. त्या वेळी मीही हसलो होतो.

आमच्याकडं एक डॉक्टर मॅडम आल्या होत्या. वयानं माझ्या पोरीएवढ्या. पुढचं शिक्षण चाललेलं, त्यासाठी त्यांना एक प्रबंध लिहायचा होता. हॉस्पिटलात आम्हाला सगळे मामा म्हणतात आणि आयांना मावशी. मॅडमनी पहिल्या दिवशी मला समोर स्टुलावर बसवलं. आतापर्यंत मला कुणा डॉक्टरनं बसवलं नव्हतं.

"मामा, हृदय म्हणजे नुसता पंप नाही. त्यातून एक रस सुटतो. हार्मोन म्हणतात त्याला."

"काळजातनं रस?"

"हो. तुमच्याकडं धरणाचं कसं असतं? पाणी चढायला लागलं की दरवाज्यावरच्या माणसाला निरोप जातो. दार उचल, पाणी सोड. तसंच. हृदयात रक्त तुंबलं, त्याच्या भिंती ताणल्या, की ते हा रस सोडतं. रस मूत्रपिंडाला निरोप देतो, मीठपाणी बाहेर काढ."

"म्हंजी ज्याचं काळीज बरं हाय त्याच्यात ह्यो रस नसतोच."

"असतो. थोडा असतो. तो थोडा म्हणजे किती, तेच शोधायचंय. आपल्या भागातल्या चांगल्या माणसाचा आकडा आपल्याला माहीत नाही. तो नसेल तर आजाऱ्याचा आकडा वाढलाय हे कशावरून म्हणायचं?"

हे मला लगेच पटलं. गज माहीत नसला तर कापड कमी भरलं म्हणून दुकानदाराशी भांडता येत नाही. मॅडमनी पुढं असंही सांगितलं की चांगल्या माणसांतही सगळ्यांचा आकडा सारखा नसतो. वय वाढलं की थोडा वाढतो. बाईचा आणि पुरुषाचाही फरक पडू शकतो. म्हणून तरणे पाहिजेत, म्हातारे पाहिजेत, बाया पाहिजेत, गडी पाहिजेत. पण सगळे निरोगी. ते शोधायचं काम माझं.

मी रोजंदारीवर होतो. बारा वर्षं रोजंदारीवरच. मॅडम म्हणाल्या, हे काम नीट केलंत तर तुम्हाला कायम करा असं पत्र मी स्वतः वर देईन. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

रक्त घ्यायची रीत अशी होती. माणसानं आदल्या दिवसापासून लोणचं, पापड, खारवलेलं काही खायचं नाही. सकाळी यायचं. टेबलावर उताणं, सपाट, अर्धा तास गप्प झोपून राहायचं. उभ्या माणसाचा आकडा वेगळा, झोपलेल्याचा वेगळा, म्हणून सगळ्यांना एकसारखं झोपवायचं. मग रक्त काढून औषधाचे थेंब असलेल्या गार नळीत भरायचं आणि नळी लगेच बर्फात खुपसायची. हा रस फार नाजूक. ऊब लागली की नासतो, आकडा खाली येतो. मग नळ्या मशीनवर फिरवून वरचं पिवळं पाणी वेगळं काढायचं आणि गोठवून ठेवायचं. पुरेशा नळ्या जमल्या की मॅडम त्या पुण्याला तपासायला घेऊन जायच्या. निकाल यायला महिनेच्या महिने लागायचे.

बर्फ संभाळायला शिकलो, मशीन लावायला शिकलो, नळीवर नंबर घालून वहीत त्या नंबरापुढं नाव लिहायला शिकलो. मॅडमला फक्त नंबर माहीत. नावाची वही माझ्या ताब्यात. मला त्याचा रुबाब होता, खोटं कशाला बोलू.

गावोगाव हिंडलो. पुणतांब्याच्या एका वस्तीवर एक आप्पा होते, साठीचे, पण बैल दाव्याला धरून उभा करतील असे. मी विषय काढला.

"मला काय झालंय?" आप्पा म्हणाले.

"काय झालं न्हाई म्हणून तर आलोय."

"काय झालं न्हाई तर रक्त कशाला काढता?"

"काय झालं नसलेलंच रक्त पाहिजे आप्पा."

त्यांनी माझ्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. मग आत हाक मारली. "अगं ए, याला ताक दे जरा. ऊन लागलंय याला."

तेच आप्पा पुढं सात जण घेऊन आले. पण त्यांच्याच शेजारच्या वस्तीवर मला पाणी देताना तांब्या उंच धरून माझ्या ओंजळीत वरून ओतलं. जयभीम म्हणत मी तिथं शिरलो होतो, त्याचं ते उत्तर. त्याच घरातल्या माणसाच्या रक्ताची नळी मी चिमटीत धरून बर्फाच्या डब्याकडं पळत नेली, नासू नये म्हणून. त्याचा आकडा चांगला आला.

गडी मिळायचे, बाया मिळेनात. अडचण रक्ताची नव्हती, झोपायची होती. आमच्याकडं दिवसाउजेडी अंग टाकून पडलेली बाई म्हणजे एक तर बाळंतीण, नाही तर आता जाते की मग जाते अशी. चांगल्या बाईनं सकाळी नऊ वाजता परक्या खोलीत आडवं व्हायचं म्हणजे तिच्या सात पिढ्यांची अब्रू गेली. सुई चालेल म्हणायच्या, बसून काढा. बसून चालत नव्हतं.

त्यातून वाट काढली रशीदचाचांनी. चाचा बेलापूरच्या बाजारात बांगड्या भरायचे. मी बेलापूरलाच राहत होतो, आमची जुनी ओळख. चाचांनी स्वतःचं रक्त दिलं, पण अट घातली.

"मामा, आपल्याला कागद पाहिजे. शिक्क्याचा. पोरीच्या सासरचे म्हणत्यात, तुझा बाप वाळल्यासारखा दिसतो, आजाराचं घर हाय तुमचं. त्यांच्या तोंडावर मारायचाय."

मॅडमनी हसत हसत लिहून दिलं की यांनी निरोगी व्यक्ती म्हणून संशोधनाला रक्त दिलं. चाचांनी ते काच लावून दुकानात टांगलं. बाया बांगड्या भरायला आल्या की वाचायला लावायचे. परक्या पुरुषाच्या हातात बाई बिनदिक्कत मनगट देते तो एकटा बांगडीवाला, त्यामुळं त्याचं ऐकायच्या. "पडायचं अर्धा घंटा. घरी पडाया मिळतं का तुला? हितं डॉक्टर सोता म्हनतो पड म्हून." एवढ्यावर आमच्याकडं बाया यायला लागल्या. काही तर टेबलावर घोरायच्या.

आता माझी चूक सांगतो. पहिली, हसायची. रक्ताआधी प्रत्येकाला प्रश्न विचारून फॉर्म भरायचा असायचा. फॉर्म इंग्रजीत. मॅडमनी मला मराठी तोंडपाठ करून दिलं होतं. छातीत दुखतं का, चालताना दम लागतो का, पाय सुजतात का, सपाट झोपल्यावर गुदमरतं का. दिवसभर तेच तेच बोलून मी आखूड करत गेलो. पुणतांब्याला तर नुसतं विचारत सुटलो, "दम हाय का?"

"दम? लई दम हाय." आप्पांनी दंड दाखवला. मागचा म्हणाला, "माज्यात त्याच्यापरीस जास्ती हाय." सगळी ओळ छाती फुगवून हो म्हणत गेली, आणि मी सगळ्यांच्या फॉर्मवर दमाच्या चौकटीत हो अशी खूण करत गेलो.

संध्याकाळी मॅडमनी फॉर्म बघितले. "मामा, अख्ख्या पुणतांब्याला धाप लागते?"

मी सांगितलं काय झालं ते. मॅडम टेबलावर डोकं ठेवून हसल्या. मग डोकं वर काढलं तेव्हा हसू गेलेलं होतं. "परत जा. एकेकाला पूर्ण वाक्यात विचारा. फॉर्म हाच आपला पाया आहे. आकडा मशीन सांगेल, पण माणूस निरोगी आहे हे मशीन सांगत नाही, ते तुम्ही सांगता."

गेलो परत. तेव्हापासून एक शब्द गाळला नाही. पाटाचा भराव चढताना धाप लागते का. उताणं झोपल्यावर गुदमरल्यासारखं होऊन उठून बसावं लागतं का. बेलापूर, पुणतांबा, पार नगरच्या कोर्टासमोरचे टायपिंगवाले, किती माणसांना हे विचारलं त्याची गणती नाही. एका माणसाला विचारलं नाही.

कडूबाई. हे नाव मुद्दाम ठेवलेलं. हिच्या आईची आधीची दोन पोरं गेलेली, म्हणून हिला कडू म्हणायचं, म्हणजे मरण तोंडाला लावणार नाही. कामाला वाघ. दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची, घरी येऊन रांधायची. बोलायला माझ्याहून वरचढ.

ज्या दिवशी घडलं त्या दिवशी चाचांनी ठरवलेल्या एका पन्नाशीपुढच्या बाईच्या घरी मयत झाली, ती आली नाही. मॅडमना दुसऱ्या दिवशी पुण्याला जायचं होतं. नळी तयार, बर्फ तयार, त्या वयाची एक बाई कमी. मॅडम म्हणाल्या, "मामा, कुणी मिळेल?" मी म्हणालो, "तासाभरात आणतो."

घरी गेलो आणि कडूबाईला घेऊन आलो. मॅडमला सांगितलं नाही की माझी बायको आहे. ओळखीतली बाई आहे म्हणालो. घरचं माणूस घातलं तर कामचुकार म्हणतील असं वाटलं. फॉर्म मी वाटेतच, रिक्षात, मांडीवर ठेवून भरला. ती बघत होती.

"मला इचारायचं अस्तंय न्हवं ते? मग इचारा की."

"तुला काय इचारायचं. तुला काय झालंय? गाढवासारखी राबतीस."

"राबती म्हणून तर इचारा म्हणते."

सगळ्या प्रश्नांपुढं 'नाही' अशी खूण केली. वहीत तिच्या नावापुढं माझं नाही, तिच्या भावाचं आडनाव लिहिलं.

टेबलावर ती झोपली. मॅडम पलीकडच्या खोलीत. पाच मिनिटांत उठून बसली, खोकली. "उशाला कायतरी द्या," म्हणाली. सपाट झोपायचा नियम. मी कांबळ्याची घडी दिली तिच्या मानेखाली, वर अजून एक. मॅडमची चाहूल लागली की काढून घ्यायचो. तिच्या वरच्या ओठावर घाम आला होता.

मी म्हणालो, "झोपायला सांगितलं तर तेबी जमंना का तुला?"

"जमतंय की. लाज वाटती दिवसा पडायची."

मी ते खरं धरलं, कारण सगळ्या बाया हेच म्हणायच्या. घरी ती कित्येक महिने भिंतीला टेकून बसून झोपत होती. मी समजत होतो माझ्या विडीच्या वासानं तोंड फिरवून बसते. हे वाचणाऱ्याला आता दिसतं तसं मला तेव्हा दिसायला पाहिजे होतं. प्रश्न मला तोंडपाठ होता.

रक्त झालं. मॅडमनी तिला चहा आणि बिस्किटाचा पुडा दिला. दोन खाल्ली, बाकीची पदराला बांधली.

पुण्याहून निकाल आले तेव्हा सुगी संपली होती. मॅडमनी मला बोलावलं. समोर आकड्यांचा लांब कागद. सगळे आकडे एका ओळीत, लहान लहान. एकाच्या भोवती त्यांनी लाल गोल केला होता. तो बाकीच्यांच्या कितीतरी पट होता.

"मामा, हा नंबर कुणाचा?"

वही उघडायची गरज नव्हती. तरी उघडली. "हाय एक बाई. बेलापूरची."

"हा निरोगी माणसाचा आकडा नाही. वयानं वाढतो तो इतका वाढत नाही. फॉर्ममध्ये तर सगळ्या प्रश्नांना 'नाही' आहे. तुम्हीच विचारलं ना?"

"व्हय. मीच."

"पूर्ण वाक्यात?"

"व्हय."

माझं कायमचं पत्र त्याच आठवड्यात वर जाणार होतं. मॅडमच्या टेबलावर टाईप होऊन पडलं होतं, मला उलटं दिसत होतं. मी म्हणालो, त्या दिवशी बर्फ कमी पडला होता, नमुना नासला असेल.

"नासला तर आकडा खाली येतो मामा. वर जात नाही. तुम्हालाच शिकवलंय मी."

मग मी दुसरं सांगितलं. त्या दिवशी वॉर्डातल्या आजाऱ्यांच्या नळ्याही त्याच डब्यात होत्या. चिकटपट्टी ओली झाली होती. नंबर बदलला असेल माझ्याकडून.

हे मॅडमना पटलं. रागावल्या, पण पटलं. लाल गोलावर त्यांनी आडवी रेघ मारली आणि तो नंबर निरोगी माणसांतून काढून टाकला. "तरी त्या बाईला परत बोलवा. पुन्हा रक्त घेऊ. समजा तिचाच असला तर तिला औषध चालू करावं लागेल. यावर गोळ्या आहेत."

"बोलावतो."

नाही बोलावली. बोलावली असती तर मॅडमनी तिला पहिलं नाव विचारलं असतं. सपाट झोपवून स्वतः शेजारी उभ्या राहिल्या असत्या. बाई बाहेरगावी गेली म्हणून सांगितलं. आठ दिवसांनी परत तेच. तिसऱ्यांदा मॅडमनी विचारलं नाही, त्यांची परीक्षा आली होती.

निकाल आले त्याच दिवशी घरी गेलो तर कडूबाईनं विचारलं, "माज्या रक्ताचं काय आलं?"

"नॉर्मल."

"म्हंजी?"

"म्हंजी बरी हायस. काय न्हाई तुला."

तिला तो शब्द आवडला. नळावर, रानात, सगळीकडं सांगायची, माजं काळीज नारमल हाय, पुण्याला तपासलंय. पाय जड झाले, धाप लागली, तरी स्वतःलाच सांगायची, नारमल हाय मी, वय झालं म्हणून व्हतंय. मी तिला नुसतं खोटं सांगितलं नव्हतं. तिच्या हातात कागदाशिवायचा दाखला दिला होता, आणि ती तो चाचांच्या काचेतल्या कागदासारखा मिरवत होती.

मी स्वतःची समजूत घातली की नळी खरंच बदलली असेल. बनवलेली गोष्ट महिनाभर मनात फिरवली की ती झाल्यासारखी वाटते. ठरवलं होतं, कायमचं पत्र हातात पडलं की मॅडमला सगळं सांगायचं. पत्र पडलं, पेढे वाटले. तोवर मॅडम परीक्षा देऊन दुसऱ्या शहरात निघून गेल्या होत्या. मग म्हणालो, आता कुणाला सांगायचं. दवाखान्यात दहा डॉक्टर होते. मला रांगही लावावी लागली नसती.

एकदा रशीदचाचांनी मला बाजारात थांबवलं. "मामा, भाभीचं माप बदललंय. दोन-सहा जात हुती हातात, आता दोन-आठला बी साबन लावावा लागतो. बोटानं दाबलं तर खड्डा ऱ्हातो. दाखवा कुनाला तरी."

बांगड्या भरणाऱ्याला कळलं. मी काय म्हणालो सांगू? "बसून खाती, वाढलीय." बसून खाणारी बाई त्यांनी माझ्या घरात कधी बघितली नव्हती.

पुढच्या वर्षी एका सकाळी भाकरी थापता थापता ती परातीसमोरून उठेना. ओठ निळे पडले होते. रिक्षानं आमच्याच हॉस्पिटलात आणली. ड्यूटीवर नवा डॉक्टर होता, मला ओळखत होता, मॅडमना नाही. त्यानं छातीला नळी लावली आणि मला विचारलं, "मामा, यांना हृदयाचा काही त्रास? कधी तपासलंय?"

मी तोंड उघडायच्या आत ती बोलली. एकेक शब्दाला श्वास घेत. "तपासलंय. काळजाचं रक्त. नारमल हाय मी. इचारा यास्नी."

डॉक्टरनं माझ्याकडं बघितलं. "कसली तपासणी?"

"हृदयाच्या हार्मोनची. मॅडमच्या प्रबंधात."

"आणि नॉर्मल होती?"

ती माझ्याकडं बघत होती. मी म्हणालो, "व्हय."

"मग निमोनिया धरून चालू," डॉक्टर म्हणाला. एक्स-रेचा फोटो होईपर्यंत छातीचं इंजेक्शन आणि सलाईन सांगितली. मी कामावरचा माणूस, बाटली मीच आणली, मीच दांडीला अडकवली, थेंब मीच सोडले. अर्धी बाटली आत गेली तशी तिची छाती घरघरायला लागली. तोंडाशी फेस आला. एवढं शिकलो होतो मी स्टुलावर बसून, धरण काठोकाठ भरलं होतं आणि मी वरून पाणी सोडत होतो.

थेंब बंद केले आणि डॉक्टरकडं पळालो. सगळं सांगितलं, सगळ्या वॉर्डासमोर. तो मला जे बोलला ते लिहीत नाही, बरोबरच बोलला. एक वाक्य लिहितो. "साध्या गोळ्यांवर ही बाई वर्षानुवर्षं चालली असती." मग तिला बसती केली, तोंडाला ऑक्सिजन लावला, लघवीची इंजेक्शनं दिली. दुपारपर्यंत पाणी उतरलं. श्वास खाली आला. पण डॉक्टर म्हणाला, हृदय फार मोठं झालंय, सैल पडलंय, आशा धरू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती तीन उशांना टेकून बसली होती. तोंडावरची नळी तिनं बाजूला केली.

"काल डॉक्टर तुमच्यावर का वरडत हुता? मावशी सांगत हुती."

सांगितलं. रिक्षातला फॉर्म, कांबळ्याची घडी, लाल गोल, रेघ, मॅडमला मारलेल्या थापा.

"म्हंजी मी नारमल न्हवते."

"न्हाई."

"आन मी गावभर सांगत फिरले."

मी खाली बघितलं. पलीकडच्या खाटेवरची म्हातारी उगाच खोकली, ऐकू येतंय हे आम्हाला कळावं म्हणून.

मग कडूबाईनं विचारलं, "कायम तर झालात न्हवं?"

"झालो."

"मग भरपगारी रजा मिळत आसंल. टाका रजा. बसा हितं."

हे ती मला टोचून बोलली की खरंच बसा म्हणाली, मला आजपर्यंत ठरवता आलेलं नाही.

ऑफिसातून छापील अर्ज आणला. तिच्या खाटेच्या कडेला ठेवून भरला. रोजंदारीवाल्याला रजा नसते, त्यामुळं असा अर्ज मी आयुष्यात पहिल्यांदाच भरत होतो. नाव, हुद्दा, दिवस आठ. कारणाच्या जागी लिहिलं, पत्नी आजारी आहे.

"काय लिव्हलं?"

वाचून दाखवलं.

"व्हय," ती म्हणाली, आणि नळी परत तोंडाला लावून घेतली.

आम्ही तो दिवस तसेच बसून होतो. तिनं पाणी मागितलं, ते चमच्यानं मोजून द्यायचं होतं, दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी जेवणाची ताटं फिरत असताना ती गेली. अर्जावर सही होऊन तो तोवर परत आला होता. आठ दिवस मंजूर. उरलेले दिवस मी घरी भिंतीला टेकून बसून काढले.